वीज न वाहणाऱ्या स्फटिकांची झडती

घन पदार्थात अत्यल्प प्रमाणात दडलेली मूलद्रव्ये तो पदार्थ न विरघळवता, त्याच्या घन रूपातच शोधून काढणाऱ्या ज्या थोड्या पद्धती आहेत, त्यांत ग्लो डिस्चार्ज मास स्पेक्ट्रोमेट्रीचे स्थान फार वरचे आहे. मात्र या पद्धतीत तपासायचा नमुना हाच विद्युत् मंडलातील एक अग्र असल्यामुळे त्याने वीज वाहून नेली पाहिजे, ही तिची मूळ अट आहे. तांबे, निकेल, टायटॅनियम किंवा अर्धवाहक सिलिकॉन यांच्या बाबतीत ही अट सहज पाळली जाते. परंतु लेसर, भिंगे आणि प्रारण मोजणारी उपकरणे यांच्यासाठी मुद्दाम वाढवले जाणारे नीलम, कॅल्शियम फ्लुओराइड, सिझियम आयोडाइड, लेड टंगस्टेट यांसारखे एकस्फटिक, म्हणजे ज्यांच्यातील अणूंची रचना या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड एकसारखी असते असे स्फटिक, बहुतेक सारे विजेचे निरोधक आहेत, आणि अशुद्धीचा सर्वांत बारीक हिशोब ठेवावा लागतो तो नेमका त्यांचाच.

हा हिशोब किती बारीक असतो, ते त्याच्या परिमाणांवरून कळते. दहा लाख भागांत एक भाग या प्रमाणाला पीपीएम आणि एक अब्ज भागांत एक भाग या प्रमाणाला पीपीबी म्हणतात. एक टन सिझियम आयोडाइडमध्ये एक ग्रॅम पोटॅशियम असेल तर ते एक पीपीएम भरते, आणि एक मिलिग्रॅम असेल तर एक पीपीबी. पारदर्शक स्फटिकात एखाद्या धातूचे काही पीपीएम एवढे अणू शिरले तरी विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषला जाऊ लागतो, आणि प्रकाशाला स्फटिकातून बरेच अंतर कापायचे असेल, तर जागोजागी होणारे हे थोडे थोडे शोषण साठत जाऊन शेवटी मोजमापच बिघडवते. सूक्ष्म मंडले छापण्यासाठी 193 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश वापरणाऱ्या यंत्रांतील कॅल्शियम फ्लुओराइडची भिंगे किंवा भौतिकीच्या प्रयोगांतील हातभर लांबीचे स्फटिक यांच्या बाबतीत म्हणूनच कच्च्या मालापासून तयार ठोकळ्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर अशुद्धी मोजल्या जातात.

अशा मोजणीचा रुळलेला मार्ग म्हणजे पदार्थ आम्लात किंवा पाण्यात विरघळवून ते द्रावण तपासणे हा होय. परंतु नीलम म्हणजे स्फटिकरूप ॲल्युमिनियम ऑक्साइड आम्लांना सहजी दाद देत नाही, आणि विरघळवण्यासाठी जी रसायने वापरावी लागतात, त्यांच्यातील अशुद्धी उत्तरात मिसळतात. सिझियम आयोडाइड पाण्यात सहज विरघळते हे खरे, पण मोजणीपूर्वी ते द्रावण बरेच पातळ करावे लागते आणि त्या प्रमाणात शोधायचे मूलद्रव्यही विरळ होते. घन नमुना तसाच यंत्रात ठेवून लिथियमपासून युरेनियमपर्यंतची बहुतेक मूलद्रव्ये एकाच बैठकीत पाहता येणे हा ग्लो डिस्चार्ज पद्धतीचा मोठा लाभ आहे. कोणती अशुद्धी शोधायची हे आधी ठाऊक नसले तरी चालते, आणि स्फटिक वाढवणाऱ्यांना नेमकी हीच गरज असते.

ग्लो डिस्चार्ज म्हणजे विरळ वायूतून वीज वाहताना दिसणारे, मंद प्रभा असलेले विद्युत् विसर्जन. निऑनच्या दिव्यातील उजेड याच जातीचा असतो. मास स्पेक्ट्रोमेट्रीचे, म्हणजे आयन वस्तुमानानुसार वेगळे करून मोजण्याच्या तंत्राचे, या विसर्जनाशी नाते जन्मापासूनचे आहे, कारण जे. जे. टॉमसन यांनी केंब्रिज येथे निऑनचे 20 आणि 22 या वस्तुमानांचे दोन प्रकार वेगळे ओळखले, ते विसर्जन नळीतून निघालेल्या आयनांमुळेच, आणि त्यांचे सहकारी एफ. डब्ल्यू. ॲस्टन यांनी 1919 मध्ये उभारलेल्या वस्तुमान वर्णपटलेखकातही आयनांचा उगम विसर्जन नळी हाच होता. पुढे घन पदार्थांच्या विश्लेषणात विजेच्या ठिणगीने आयन निर्माण करणारी पद्धत प्रचारात आली. 1970 नंतरच्या दशकात अमेरिकेतील संशोधकांनी, विशेषतः व्हर्जिनिया विद्यापीठातील डब्ल्यू. डब्ल्यू. हॅरिसन यांच्या गटाने, ठिणगीपेक्षा अधिक स्थिर असलेल्या विसर्जनाकडे पुन्हा लक्ष वेधले, आणि 1980 नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झालेल्या व्हीजी 9000 या उपकरणाने ही पद्धत प्रयोगशाळांत स्थिर केली.

उपकरणाच्या आयनस्रोतात वातावरणीय दाबाच्या सुमारे हजारावा भाग इतक्या दाबाचा आर्गॉन वायू खेळवला जातो. नमुना हा ऋणाग्र असतो, भोवतालची पेटी धनाग्र असते, आणि दोहोंमध्ये सुमारे एक हजार व्होल्ट विभवांतर ठेवल्यावर काही मिलिॲम्पिअर प्रवाह वाहू लागतो. यातील जवळजवळ सगळे विभवांतर नमुन्यालगतच्या एका चिंचोळ्या अंधाऱ्या पट्ट्यातच खर्ची पडत असल्यामुळे तेथे शिरलेले धन आर्गॉन आयन वेगाने नमुन्यावर आदळतात आणि त्याच्या पृष्ठभागावरील अणू उडवून लावतात. या क्रियेला स्पटरिंग म्हणतात. उडालेले अणू बहुतांशी विद्युत्‌दृष्ट्या उदासीन असतात. ते हळूहळू पसरत पलीकडच्या प्रकाशमान भागात पोहोचतात, आणि त्यांचे आयन बनतात ते तेथे.

आयन बनण्याचे दोन मार्ग आहेत. वेगवान इलेक्ट्रॉनच्या टकरीने अणूतील एक इलेक्ट्रॉन निसटतो हा पहिला मार्ग, आणि दुसरा, या पद्धतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा, फ्रान्स मिशेल पेनिंग या डच भौतिकीविदाच्या नावाने ओळखला जातो. आर्गॉनच्या काही अणूंमध्ये 11.55 किंवा 11.72 इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी ऊर्जा साठून राहते, आणि ती प्रकाशाच्या रूपाने सहजी बाहेर टाकता येत नसल्यामुळे असा अणू बराच काळ उत्तेजित राहतो. त्याची दुसऱ्या मूलद्रव्याच्या अणूशी गाठ पडली आणि त्या अणूचा इलेक्ट्रॉन काढण्यास लागणारी ऊर्जा याहून कमी असली, की साठवलेली ऊर्जा त्याला देऊन आर्गॉन मोकळा होतो. लोखंड, पोटॅशियम, सिझियम, शिसे, थॅलियम अशी बहुतेक सर्व मूलद्रव्ये या मर्यादेच्या आत बसतात. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरिन, क्लोरिन अशी मोजकी बसत नाहीत, ऑक्सिजनला 13.62 तर फ्लुओरिनला 17.42 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. पुढे सिझियम आयोडाइडच्या शोधकथेत याच अपवादाला निर्णायक महत्त्व आले.

अणू उडवणे आणि त्यांचे आयन बनवणे या दोन क्रिया वेगवेगळ्या जागी होत असल्यामुळे मूळ पदार्थ कोणता आहे याचा आयनीकरणावर फारसा परिणाम होत नाही. तरीही प्रत्येक मूलद्रव्याची संवेदनशीलता अगदी सारखी नसते, म्हणून मोजलेल्या आयनप्रवाहांच्या गुणोत्तराला प्रत्येक मूलद्रव्यासाठी ठरवलेल्या एका गुणकाने गुणावे लागते. या गुणकाला सापेक्ष संवेदनशीलता गुणक म्हणतात, आणि तो प्रमाणित नमुन्यांवरून काढला जातो. धातूंसाठी असे नमुने मिळतात. परंतु बहुतेक स्फटिकांसाठी ते मिळत नाहीत, आणि म्हणून अन्य पदार्थांवरून काढलेले सर्वसाधारण गुणक वापरले जातात. अशा वेळी आलेला आकडा खऱ्या मूल्याच्या दुपटीपर्यंत चुकू शकतो, हे या क्षेत्रातील मंडळी गृहीतच धरतात. अशुद्धी 3 पीपीएम आहे की 5 पीपीएम यापेक्षा ती 3 पीपीएम आहे की 300, हे कळणे ज्या कामात मोलाचे असते, तेथे एवढी अनिश्चितता चालते.

तयार झालेले आयन पुढे चुंबकीय आणि विद्युत् अशा दोन क्षेत्रांतून जातात आणि वस्तुमानानुसार वेगळे होतात. येथे खरी अडचण असते ती तोतया आयनांची. आर्गॉन आणि ऑक्सिजन यांचा जोडआयन 56 या वस्तुमानांकावर येतो, आणि लोखंडाचा मुख्य समस्थानिकही तेथेच असतो. दोघांतील फरक वस्तुमानाच्या सुमारे अडीच हजाराव्या भागाएवढा असल्यामुळे त्यांना वेगळे दाखवण्यासाठी उपकरणाची विभेदनक्षमता 2,500 पेक्षा जास्त हवी. चांगल्या उपकरणांना हे सहज जमते. परंतु 40 वस्तुमानाचा कॅल्शियम आणि त्याच वस्तुमानाचा आर्गॉन यांना वेगळे करायचे तर ती क्षमता जवळजवळ दोन लाख असावी लागते, आणि ते या यंत्रांच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून कॅल्शियम मोजला जातो तो त्याच्या 44 वस्तुमानाच्या, निसर्गात दोनच टक्के आढळणाऱ्या समस्थानिकावरून.

अवाहक स्फटिक ऋणाग्राच्या जागी ठेवला, तर यातील काहीही सुरू होत नाही. धन आयन पृष्ठभागावर येऊन आपला भार तेथे ठेवतात, तो भार वाहून जायला वाट नसते, आणि धन झालेला पृष्ठभाग पुढच्या धन आयनांना दूर लोटू लागतो. हे किती झटपट घडते याचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. नीलमचा एक चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाचा आणि दोन मिलिमीटर जाडीचा तुकडा हा एक लहानसा कॅपॅसिटर, म्हणजे भार साठवणारा घटक, मानला, तर त्याची क्षमता चार-साडेचार पिकोफॅरड एवढीच भरते. दोन मिलिॲम्पिअर प्रवाहाने तो एक हजार व्होल्टपर्यंत भारित होण्यास सुमारे दोन मायक्रोसेकंद पुरतात. सेकंदाच्या पाच लाखाव्या भागात विसर्जन विझते. आयनांची मोजणी तर मिनिटे आणि तास चालवावी लागते, तेव्हा पृष्ठभागावरील भाराला वाट काढून देणे किंवा तो साठूच न देणे यांशिवाय गत्यंतर नसते.

सर्वांत जुना उपाय म्हणजे स्फटिकाची पूड करून ती चांदी, तांबे किंवा ग्रॅफाइट यांच्या शुद्ध पुडीत मिसळणे आणि मिश्रणाची दाबून वडी करणे. धातूच्या कणांमधून प्रवाह वाहतो आणि त्यांच्या सोबतीने स्फटिकाचे कणही उडतात. हा उपाय स्वस्त आहे, प्रमाणित मिश्रणे प्रयोगशाळेतच तयार करता येत असल्यामुळे गुणक काढण्यासही सोयीचा आहे. पण अतिशुद्ध एकस्फटिकासाठी तो विश्वासार्ह मानता येत नाही. कुटताना खलबत्त्याचे कण मिसळतात, पुडीचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे हवा आणि पाण्याची वाफ अडकून बसते, विसर्जन सुरू झाल्यावर ती बाहेर पडत राहून जोडआयनांची संख्या वाढवते, आणि धातूच्या पुडीत स्वतःच्या ज्या अशुद्धी असतात त्या स्फटिकाच्या नावावर चढतात. शिवाय स्फटिकाच्या कोणत्या भागात काय होते, ही माहिती पुडीबरोबर कायमची नाहीशी होते.

दुसरा उपाय विजेची दिशाच सतत बदलत ठेवण्याचा आहे. औद्योगिक व वैज्ञानिक वापरासाठी राखून ठेवलेल्या 13.56 मेगाहर्ट्झ वारंवारतेचा प्रत्यावर्ती विद्युत् दाब दिल्यास एक आवर्तन 74 नॅनोसेकंदांत पूर्ण होते. वर काढलेल्या हिशोबाने त्याच्या अर्ध्या काळात स्फटिकाचा पृष्ठभाग जेमतेम वीसेक व्होल्टने भारित होतो, आणि तेवढ्यात दिशा उलटते. इलेक्ट्रॉन आयनांच्या मानाने फार हलके असल्यामुळे अनुकूल अर्धावर्तनात ते मोठ्या संख्येने पृष्ठभागावर पोहोचतात, जड आयन मागे पडतात, आणि काही आवर्तनांतच पृष्ठभागाला कायमचा ऋण विभव प्राप्त होतो. अवाहक असूनही स्फटिक मग ऋणाग्रासारखा वागू लागतो. या तत्त्वावरचा मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठीचा आयनस्रोत डग्लस डकवर्थ आणि केनेथ मार्कस यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केला. तत्त्व म्हणून हा उपाय सर्वांत सरळ आहे, कारण त्यात परका पदार्थ अजिबात येत नाही. व्यवहारात मात्र स्फटिक जितका जाड तितका विद्युत् दाबाचा मोठा हिस्सा त्याच्या आतच खर्च होऊन विसर्जन क्षीण होत जाते, त्यामुळे पातळ चकत्या काढाव्या लागतात. आणि उच्च विभेदनक्षमतेच्या यंत्रात आयनस्रोत मुळातच काही हजार व्होल्टवर ठेवलेला असल्यामुळे त्याला उच्च वारंवारतेची वीज नीट पोहोचवणे हे अभियंत्यांपुढचे अवघड काम होऊन बसते. ज्या यंत्रांनी ही पद्धत रुळवली ती एकदिश प्रवाहावरच चालत राहिली, आणि अवाहकांसाठी तिसरा उपाय पुढे आला.

तिसरा उपाय दुय्यम ऋणाग्राचा. मिल्टन आणि हटन या संशोधकांनी काचेच्या विश्लेषणासाठी त्याची केलेली पारख 1993 मध्ये प्रसिद्ध झाली. यात अवाहक नमुन्याच्या तोंडाशी मधोमध भोक असलेली टँटलम धातूची पातळ चकती बसवली जाते आणि तिलाच ऋण विभव दिला जातो. विसर्जन सुरू होते ते या चकतीमुळे. तिच्यावरून उडालेले टँटलमचे अणू फार दूर जाऊ शकत नाहीत, कारण एवढ्या दाबाच्या आर्गॉनमध्ये अणूला टकरीशिवाय मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही अंतर कापता येत नाही. त्यांतले बरेच मागे फिरून भोकातून दिसणाऱ्या स्फटिकावर बसतात, आणि तेथे अणूंच्या काही थरांइतका पातळ धातूचा पापुद्रा तयार होतो. तो चकतीला जोडलेला असल्यामुळे स्फटिकाच्या पृष्ठभागावरचा भार वाहून जातो, आयन पृष्ठभागावर आदळत राहतात, आणि पापुद्र्याबरोबर खालच्या स्फटिकाचे अणूही उडतात. पापुद्रा उडत असतो आणि त्याच वेळी नव्याने बसतही असतो. बसण्याचा वेग जास्त झाला तर यंत्राला टँटलमखेरीज काही दिसत नाही, आणि उडण्याचा वेग जास्त झाला तर पृष्ठभाग पुन्हा भारित होऊन संकेत कोसळतो. भोकाचा व्यास, चकतीची जाडी, विद्युत् दाब, प्रवाह आणि आर्गॉनचा ओघ जुळवत हा तोल साधावा लागतो, आणि तो साधल्यानंतरही स्फटिकातील मुख्य मूलद्रव्याचा संकेत स्थिरावेपर्यंत थांबावे लागते. या कामातले कौशल्य बरेचसे या थांबण्यात आणि जुळवण्यात आहे.

टँटलमच का, याचे उत्तर त्याच्या रसायनात आणि त्याच्या समस्थानिकांत आहे. तो अतिशुद्ध स्वरूपात मिळतो, सावकाश उडतो, आणि तापलेला असताना ऑक्सिजन व पाण्याची वाफ यांना घट्ट धरून ठेवत असल्यामुळे पेटीतील उरलासुरला वायू शोषून घेतो. त्यामुळे ऑक्सिजनयुक्त तोतया आयन कमी होतात. शिवाय निसर्गात तो जवळजवळ संपूर्णपणे 181 या एकाच वस्तुमानाचा असल्यामुळे वर्णपटात फार जागा अडवत नाही. तरी किंमत मोजावी लागतेच. टँटलम आणि ऑक्सिजन यांचा जोडआयन 197 वर पडतो, आणि सोन्याचा एकमेव समस्थानिक तेथेच असल्यामुळे टँटलम वापरून सोने शोधणे व्यर्थ ठरते. नायट्रोजनबरोबरचा जोडआयन 195 वर, प्लॅटिनमच्या एका समस्थानिकावर, येऊन पडतो. नायोबियम आणि टंगस्टन हे टँटलमचे नेहमीचे सोबती, आणि चकती कितीही शुद्ध म्हटली तरी त्यांचा अंश तिच्यात राहतोच, म्हणून स्फटिकात सापडलेला नायोबियम स्फटिकाचा की चकतीचा, हा प्रश्न दरवेळी विचारावा लागतो. त्यासाठी चकतीच्याच टँटलमचा नमुना वेगळा मोजून त्याचा हिस्सा वजा करतात. या वजाबाकीमुळे अवाहकांमधील शोधमर्यादा धातूंच्या मानाने ढिली राहते. धातूंत एक पीपीबीच्याही खाली जाणारी ही पद्धत स्फटिकांत अनेक मूलद्रव्यांसाठी काही पीपीबी ते काही दशक पीपीबी यांच्या घरात थांबते. एक सोय मात्र आहे: सर्व गुणोत्तरे स्फटिकाच्याच मुख्य मूलद्रव्याशी काढली जातात, त्यामुळे वर्णपटात टँटलमचा वाटा किती मोठा आहे याने उत्तर बदलत नाही.

स्फटिकाचे तुकडे लहान आणि वेडेवाकडे असतील तर चकतीऐवजी इंडियम वापरतात. हा धातू नखाने ओरखडा निघावा इतका मऊ असून 156.6 अंश सेल्सिअसला वितळतो, आणि 99.99999 टक्के शुद्धतेचा मिळतो. स्फटिकाचे कण त्याच्यात दाबून बसवले की ते घट्ट धरले जातात आणि भोवतालच्या इंडियममधून प्रवाह वाहतो. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध जे बोलायचे ते टँटलमसारखेच आहे, फक्त अडणाऱ्या जागा वेगळ्या: 113 आणि 115 वस्तुमानाचे इंडियम आर्गॉनशी जोडले गेले की 153 आणि 155 वर, म्हणजे युरोपियम आणि गॅडोलिनियम यांच्या जागी, तोतये उभे राहतात.

हे सारे सायास कशासाठी करावे लागले, याचे एक चांगले उदाहरण थॅलियम मिसळलेल्या सिझियम आयोडाइडचे आहे. या स्फटिकात गॅमा किरण शिरला की हिरवट-पिवळ्या प्रकाशाची चमक उमटते, आणि चमकेच्या प्रखरतेवरून किरणाची ऊर्जा कळते. अशा पदार्थांना सिंटिलेटर म्हणतात. बी-मेसॉन या अल्पायुषी कणांच्या अभ्यासासाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे बाबार आणि जपानमधील त्सुकुबा येथे बेल हे दोन प्रयोग उभे राहिले, तेव्हा त्यांत अनुक्रमे 6,580 आणि 8,736 स्फटिक बसवले गेले. यांतील बेलच्या कार्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिकांचाही सहभाग होता. प्रत्येक स्फटिकाची लांबी साधारण तीस सेंटीमीटर असल्यामुळे चमक मागच्या टोकाच्या प्रकाशमापकापर्यंत पोहोचण्यासाठी स्फटिक लख्ख पारदर्शक राहणे आवश्यक होते. प्रयोगातील प्रारणाने मात्र स्फटिकात रंगकेंद्रे, म्हणजे प्रकाश शोषून घेणारे दोष, तयार होतात, आणि वेगवेगळ्या ठिकाणी वाढवलेले स्फटिक सारख्याच प्रारणाने कमीअधिक काळवंडतात असे दिसून आले. हा फरक कोणत्या अशुद्धीमुळे पडतो, हे शोधायचे होते.

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रेन-युआन झू यांनी या प्रश्नासाठी ग्लो डिस्चार्ज मास स्पेक्ट्रोमेट्रीचा आधार घेतला. पृष्ठभागावर हाताळणीचे आणि हवेचे डाग असणारच, म्हणून नमुने पृष्ठभागापासून तीन ते पाच मिलिमीटर आतून घेण्यात आले. सिझियम आणि आयोडिन यांचा निसर्गात प्रत्येकी एकच समस्थानिक, 133 आणि 127 वस्तुमानाचा, असल्यामुळे या स्फटिकाचा वर्णपट इतरांच्या मानाने मोकळा असतो. आर्गॉनशी जोडून तयार होणारे त्यांचे आयन 173 आणि 167 वर येतात, तेव्हा यटर्बियम आणि एर्बियम दुसऱ्या समस्थानिकांवरून मोजले की काम भागते. सगळी लँथॅनाइड मूलद्रव्ये धरून एकूण 76 मूलद्रव्यांची झडती झाली, आणि चांगल्या व वाईट स्फटिकांचे आकडे शेजारी मांडल्यावर सापडलेल्या कोणत्याही अशुद्धीचा स्फटिकाच्या काळवंडण्याशी उघड संबंध दिसला नाही.

हे उत्तर निष्फळ वाटू शकते, पण तसे ते नव्हते. इतक्या मूलद्रव्यांना एकदम निर्दोष ठरवल्यावर संशय उरतो तो या पद्धतीला नीट न दिसणाऱ्यांवर, आणि ऑक्सिजन हा त्यांतला प्रमुख: त्याचे आयनीकरण करण्याइतकी ऊर्जा उत्तेजित आर्गॉनकडे नसते, पेटीत पाण्याच्या वाफेच्या रूपाने तो आधीपासूनच वावरत असतो, आणि टँटलमसारखा सहायक धातू त्याला मध्येच गिळूनही टाकतो. झू यांनी तोच निष्कर्ष काढला आणि पुढची तपासणी दुय्यम आयन मास स्पेक्ट्रोमेट्रीने करवली. यात अतिउच्च निर्वातात आयनांचा बारीक झोत नमुन्यावर मारून निघणारे आयन थेट मोजतात आणि पृष्ठभाग खोल खोल खणत आतील ऑक्सिजन पाहता येतो. लवकर बिघडणाऱ्या स्फटिकांत ऑक्सिजनचा संकेत पार्श्वभूमीच्या सुमारे पाचपट निघाला. शांघायच्या सिरॅमिक्स संस्थेने स्फटिक वाढवताना वितळलेल्या द्रवात ऑक्सिजन पकडणारे द्रव्य घालण्यास सुरुवात केली. पकडलेल्या ऑक्सिजनचे हलके संयुग द्रवाच्या वरच्या भागाकडे सरकते आणि खालचा स्फटिक स्वच्छ वाढतो. अशा स्फटिकांची प्रारण सोसण्याची क्षमता स्पष्टपणे वाढलेली आढळली. रासायनिक विश्लेषणात नकार किती उपयोगी पडू शकतो, हे यापेक्षा चांगल्या रीतीने दाखवणारी उदाहरणे थोडीच असतील; मात्र तो नकार 76 मूलद्रव्यांचा होता म्हणूनच त्याला वजन आले, दहा-बारा मूलद्रव्ये पाहून दिलेल्या नकाराला ते आले नसते.

लेड टंगस्टेटच्या बाबतीत प्रकरण आणखी एक पाऊल पुढे गेले. जिनिव्हाजवळच्या सर्न येथील सीएमएस प्रयोगासाठी रशियातील बोगोरोदित्स्क आणि चीनमधील शांघाय येथे वाढवलेले असे 75,848 स्फटिक वापरण्यात आले. येथे बिघाडाचे मूळ परक्या मूलद्रव्यात नव्हते, तर ऑक्सिजनच्या रिकाम्या राहिलेल्या जागांत, म्हणजे स्फटिकाच्या स्वतःच्याच घडणीतील उणिवेत, होते, आणि रिकामी जागा कोणत्याही मास स्पेक्ट्रोमीटरला दिसत नाही. या दोषावर उतारा म्हणून यट्रियम, नायोबियम यांसारखी मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात मुद्दाम मिसळली गेली, आणि ती स्फटिकभर सारखी पसरली आहेत की नाहीत, हे मोजण्याचे काम पुन्हा ग्लो डिस्चार्जकडे आले. द्रवातून स्फटिक वाढत असताना मिसळलेले मूलद्रव्य द्रव आणि घन यांच्यात सारखे वाटले जात नाही. लेड टंगस्टेटमध्ये यट्रियमची वाटणी जवळजवळ समसमान होते, म्हणून त्याचे प्रमाण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फारसे बदलत नाही. याउलट वैद्यकीय प्रतिमा टिपणाऱ्या पेट स्कॅनरमधील ल्युटेशियम सिलिकेटच्या स्फटिकांत सीरियम द्रवातच मागे राहू पाहतो, त्यामुळे शेवटी वाढलेल्या टोकाला त्याचे प्रमाण जास्त भरते.

अशा मोजणीतही सावधगिरी लागते. टंगस्टनच्या 186 वस्तुमानाच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावले तर तो यंत्राला 93 वस्तुमानाचा भासतो, आणि नायोबियमचा एकमेव समस्थानिक तेथेच असतो. दोघांना वेगळे करण्यास सुमारे 1,300 इतकी विभेदनक्षमता पुरते, पण कमी क्षमतेवर घाईने घेतलेला आकडा सरळ चुकतो. यट्रियमच्या 89 या जागेवर असा शेजारी नाही. स्फटिकाच्या दोन टोकांचे नमुने एकाच चकतीने, एकाच विद्युत् दाबाला आणि प्रवाहाला तपासले, तर दोन्हीकडचा संवेदनशीलता गुणक एकच राहून भागाकारात निघून जातो, आणि मूळ आकडे दुपटीने चुकलेले असले तरी त्यांचे गुणोत्तर बरोबर येते. प्रमाणित नमुना उपलब्ध नसलेल्या स्फटिकावर काम करणारे विश्लेषक म्हणूनच एकट्या नमुन्यापेक्षा जोडीने आलेल्या नमुन्यांना पसंती देतात: बियाकडचा, म्हणजे वाढ जेथून सुरू झाली तेथला, तुकडा आणि शेपटीकडचा, म्हणजे शेवटी वाढलेला, तुकडा, चांगला ठोकळा आणि काळवंडलेला ठोकळा, कच्चा माल आणि त्यातूनच वाढलेला स्फटिक.